वळणं सांगणारा

मी एका कागदावर खोटं लिहिलं होतं. चार ओळींचाच कागद. खाली सही केली, तारीख घातली आणि सरांच्या टेबलावर तो पालथा ठेवला. पालथा का, तर शाई ओली होती म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण लिहिलं होतं बॉलपेननं.

एप्रिल लागला की तो कागद आठवतो. नांदेडला आमच्या गल्लीत कडुलिंबाची तीन झाडं आहेत. त्यांचा मोहोर गळायला लागतो, दुपारी रस्त्यावर पिवळट भुगा पसरतो, आणि त्या कडवट गोड वासाबरोबर पाठीवर पुस्तकांचं ओझं घेतलेली मुलं क्लासहून परत येताना दिसतात. आता नांदेडलाही क्लासेसची रांग लागली आहे. माझी मुलगी मुक्ता त्यांपैकीच एकात जाते. बारावीचे बोर्डाचे पेपर संपलेले आणि प्रवेश परीक्षा अजून यायची, असा हा मधला महिना. घरात सगळे पायांचा आवाज न करता चालतात. कुकरची शिट्टीसुद्धा आम्हाला अपराधी वाटते. मला मात्र या महिन्यात लातूरची एक पत्र्याची खोली दिसते, दुपारी दोनचं ऊन दिसतं, आणि एका जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर धुरळा उडवत जाणारी एक निळी गाडी दिसते.

गाडी खरी नव्हती. खेळातली होती. तरी तिच्यामुळे एका माणसाचं आयुष्य निराळ्या रस्त्याला लागलं. खेळामुळे लागलं असं म्हणणंही खोटंच होईल. माझ्यामुळे लागलं.

त्या काळात लातूरला शिकायला जाणं म्हणजे घरातून निवडून पाठवल्यासारखं असे. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला तिथे ठेवलं. ते नांदेडच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. एसटीच्या टपावर लोखंडी पेटी आणि गादी चढवून, लोहा-अहमदपूरमार्गे आम्ही लातूरला उतरलो, तेव्हा स्टँडवर आमच्यासारख्याच पेट्या आणि आमच्यासारखेच बाप होते. माझा खोलीतला जोडीदार मन्मथ एकटाच आला होता. किल्लारीच्या शेजारचं एक गाव त्याचं. भूकंपाला तेव्हा आठ वर्षं होऊन गेली होती. भूकंपग्रस्त भागातल्या मुलांना आमच्या क्लासमध्ये अर्ध्या फीची सवलत होती आणि त्यावर तो शिकत होता. बाकीची मुलं स्लॅबची खोली शोधत होती, कारण पत्र्याखाली उन्हाळा काढणं कठीण. मन्मथनं मुद्दाम पत्र्याची निवडली.

"शिजून निघू की रे इथं," मी म्हणालो होतो.

"शिजलेला मानूस परत थंड व्हतो," तो म्हणाला. "पत्रा पडला तर खरचटतं. तेवढंच."

खोलीत त्यानं खाट दाराशी लावली आणि चपला कायम बाहेरच्या दिशेनं तोंड करून ठेवल्या. मी त्याला यावरून चिडवायचो. आम्हालाही नांदेडला त्या पहाटे हादरा बसला होता, फळीवरची भांडी वाजली होती, आणि दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी मिळाली म्हणून मला आनंद झाला होता. माझ्या वाट्याचा भूकंप एवढाच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रशीदभाईंचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा वर्ग होता. दुपारी दोन ते चार तिथे कोणी फिरकत नसे. खिडकीला ओलं पोतं टांगलेलं, आत मातीचा वास, सहा कॉम्प्युटर, त्यांतले दोन बंद. कोपऱ्यातल्या मशीनवर कोणीतरी तो रॅलीचा खेळ टाकून गेलं होतं. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी एकटाच होतो. दुसऱ्या दिवशी मी मन्मथला ओढून नेलं. तो येत नव्हता. चार वाजता रसायनशास्त्राची चाचणी आहे म्हणत होता. मी त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि म्हणालो, "अर्धा तास. मग तू सांगशील ते करतो." कोणी कोणाला नेलं हे नीट लिहून ठेवायला हवं, म्हणून इतकं बारीक सांगतो आहे.

ज्यांनी असा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या शर्यतीत सगळ्या गाड्या एकाच वर्तुळात फिरतात. रॅलीत रस्त्यावर आपण एकटेच असतो. डांबर नसतं. मुरूम, चिखल, वाळू, डोंगरातली गाडीवाट. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही, फक्त वर कोपऱ्यात घड्याळ पळत असतं. रस्ता अनोळखी असतो. म्हणून चालवणाऱ्याच्या शेजारी दुसरा एक माणूस बसतो. त्याच्या मांडीवर वही असते. पुढचं वळण दिसायच्या आधीच तो सांगतो, डावं आहे की उजवं, किती तीव्र, पलीकडे चढ की खड्डा. चालवणाऱ्यानं डोळ्यांवर नाही, त्या आवाजावर विश्वास ठेवायचा.

रशीदभाईंच्या कॉम्प्युटरांना स्पीकरच नव्हते. वरच्या मजल्यावर गणिताची बॅच चाले. "आवाज नको रे बाबा, उपर पढाई चालू हाय," असं सांगून त्यांनी स्पीकर कपाटात कोंडले होते. त्यामुळे आमच्या खेळात शेजारचा माणूस मुका होता. मी पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर दगडावर, झाडावर, दरीत गेलो. मन्मथ शेजारच्या स्टुलावर बसून शांतपणे पाहत होता. तिसऱ्या दिवशी तो शंभर पानी वही घेऊन आला.

"तू पड," तो म्हणाला. "मी लिहितो."

त्यानं एक ते पाच असे आकडे ठरवले. पाच म्हणजे जवळपास सरळ, एक म्हणजे गाडी उभीच करावी लागेल. मी पडत गेलो, तो लिहीत गेला. आठवड्याभरात सबंध रस्ता त्याच्या वहीत आला, आणि मग आमचं खरं खेळणं सुरू झालं.

"डावं तीन. चढ. चढामागं दिसत न्हाई, पन रस्ता हाय, दाबून ठेव. उजवं दोन, दगड आत."

"किती आत?"

"तुझ्या टाळक्याला लागंल इतका. हळू घे."

"हळू घेतलं तर वेळ जातो."

"अन् पडल्यावर काय वेळ परत येतो का? घे म्हनलो ना हळू."

त्याचा आवाज कधी चढायचा नाही. गाडी कडेला घासली तरी पुढचं वळण तो तेवढ्याच शांतपणे सांगायचा. मी त्याला अनेकदा म्हणालो, एकदा तू चालव, मी वाचतो. तो मान हलवायचा. "मला सांगता येतंय, तुला दाबता येतंय. ज्याचं त्यानं करावं."

त्या खेळाचे गुण सांगायचे तर मी आजही तासभर बोलू शकेन. गाडीला वजन होतं. चिखलात ती जड व्हायची आणि वाळूवर हलकी. ब्रेक दाबला की थांबायची नाही, आधी थोडी रडायची, घसरायची, मग ऐकायची. रस्ता ओला असला की सगळे हिशेब बदलायचे. मी मोटारीत फार बसलो नव्हतो, पण पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी जाताना चाक कसं धरून ठेवतं ते मला ठाऊक होतं, आणि ते धरून ठेवणं त्या खेळात बोटांना कळत होतं. दुसरं म्हणजे त्यात कोणाला मागे टाकायचं नसे. क्लासमध्ये दर सोमवारी चाचणीच्या गुणांप्रमाणे बाक बदलत. पहिल्या बाकावरचा मुलगा तिसऱ्यावर गेला की तो आठवडाभर मान वर करत नसे. त्या वातावरणातून उठून आल्यावर रिकामा रस्ता फार बरा वाटायचा.

दोषही होते. काही दोष मला तेव्हाच दिसले, काही फार उशिरा.

एक दोष मन्मथनं दाखवला. फेरी संपली की पडद्यावर तक्ता यायचा. पहिल्या दहांत आलं तर नाव टाकायला सांगायचा. जागा एकाच नावाची. पहिल्यांदा आमचा नंबर लागला तेव्हा मी माझं नाव टाकलं. दुसऱ्यांदाही. तक्त्यात वरपासून खालपर्यंत माझंच नाव झालं, तेव्हा तो हसून म्हणाला, "वळनं सांगनाऱ्याचं नाव टाकायची सोय न्हाई व्हय ह्याच्यात?"

"नाही ना. चालवणाऱ्याचंच येतं."

"असू दे. मार्क कमी पडले तर तुझ्याच नावावर पडतील."

मी एकदा तरी त्याचं नाव टाकू शकलो असतो. इंग्रजी अक्षरंच तर दाबायची होती. ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

दुसरा दोष खेळातल्या एका डोंगरी टप्प्यावर दिसला. तिथे रस्ता एका गावातून जायचा. दगडी भिंतींची बुटकी घरं, अरुंद गल्ली, वळणावर हौद. त्या गावात माणूस एकही नव्हता. कोंबडीसुद्धा नव्हती. मी सुसाट जात असताना मन्मथ वाचता वाचता थांबला.

"थांब," तो म्हणाला.

"अरे, वेळ चाललाय."

"थांब म्हनलो ना."

मी गाडी उभी केली. तो पडद्याजवळ वाकला आणि घरं पाहू लागला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजत होती. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मघाशी तू ह्या भिंतीला धडकलास न्हवं? हल्ली का ती?"

"गेम आहे रे. भिंती नाही हलत यात. गाडी मोडते फक्त."

"हाव," तो म्हणाला. "बेस हाय."

मग, पडद्यावरची नजर न काढता, त्यानं मला सांगितलं की तो आणि अप्पा, म्हणजे त्याचे वडील, ओट्यावर झोपले होते. आई आणि धाकटा भाऊ आत होते. एवढंच सांगितलं. त्याच्या मते ते पुरेसं होतं, आणि होतंच. पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत सूचना आली की गाडी बराच वेळ थांबली आहे, पुढे निघा. त्या खेळात थांबायला परवानगी नव्हती. काही सेकंद वाट पाहून खेळानं आमची फेरीच बाद केली. मला आज विचाराल तर त्या खेळाचा सगळ्यात मोठा दोष मी हाच सांगेन.

त्या दिवसानंतर मन्मथनं वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक रस्ता लिहायला घेतला. मला वाटलं नवा टप्पा आहे. मी वाचून पाहिलं. उजवं चार, मारुती. डावं दोन, चढ. हौद. डावं एक, गल्ली अरुंद. सरळ. घर.

"हे कुठल्या टप्प्याचं?"

"आमच्या जुन्या गावचं," तो म्हणाला. "शाळेतून घरी यायची वाट. विसरून जायच्या आधी लिहून ठिवलो. आत्ता आठवायलंय तवर."

"आणि नव्या गावाचं?"

"तिथं लिवायचं काय? सरळ, सरळ, सरळ. सगळी घरं एकसारखी, नंबर टाकलेली. अप्पा दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरले."

अप्पांबद्दल मला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. भूकंपानंतर ते त्या नव्या गावाबाहेर कधी पडलेच नव्हते. ना लग्नाला, ना बाजाराला. बसमध्ये बसले की त्यांना दरदरून घाम फुटायचा. म्हणून पोराला लातूरला सोडायलाही ते आले नव्हते. हे मन्मथनं मला विश्वासानं सांगितलं होतं. पुढे जे झालं त्यात ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

एप्रिलच्या मध्याला सराव परीक्षेत मी सात बाक मागे गेलो. मन्मथ दोनच बाक मागे गेला होता. कोणीतरी क्लासच्या सरांना आमच्या दुपारच्या फेऱ्यांबद्दल सांगितलं. सरांनी नांदेडला फोन केला आणि रविवारी नाना आले. त्यांच्या हातात आईनं दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता, तो त्यांनी सरांच्या खोलीतही खाली ठेवला नाही. मांडीवर धरून बसले होते.

आमच्या क्लासमध्ये चूक झाली की लेखी खुलासा द्यावा लागे. सरांचा त्याचा एक ठरलेला नमुना होता. काय केलं, कधी केलं, कोणासोबत केलं, आणि शेवटी, कोणाच्या सांगण्यावरून केलं. तो शेवटचा प्रश्न नसता तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण प्रश्न होता, आणि त्याच्यापुढे एक रिकामी ओळ होती. रिकामी ओळ दिसली की ती भरायचीच, हे तर आम्हाला दोन वर्षं शिकवत आले होते. उत्तर येत नसलं तरी काहीतरी लिहा, जागा सोडू नका.

नाना माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या पेनाकडे पाहत होते. 'माझ्याच मनानं' असे दोन शब्द लिहायचे होते. मी मन्मथचं नाव लिहिलं. आडनावासकट, नीट अक्षरात. तक्त्यात जे नाव मी कधी टाकलं नाही, ते पहिल्यांदा लिहिलं ते त्या कागदावर.

आणि एवढ्यावर थांबलो नाही. सरांनी विचारलं, "पुरावा काय?" तेव्हा खेळून आल्यावर माझ्याच दप्तरात राहिलेली ती वही मी काढून दिली. अक्षर त्याचंच होतं. सरांनी पानं चाळली, कपाळावर आठी आणली आणि वही मागच्या काचेच्या कपाटात ठेवली. नाना उठले. जाताना एवढंच म्हणाले, "संगत नीट ठेवावी." त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला होता. मुलगा बिघडला नव्हता, कोणीतरी बिघडवला होता. त्यांना तेवढा दिलासा देण्यासाठी मी तसं केलं, असं मी पुढे कित्येक वर्षं मानत आलो. तेही पूर्ण खरं नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी खुलासा भर वर्गात वाचला. मन्मथ उभा राहिला.

"हे खरं आहे का?"

मला वाटलं तो माझ्याकडे पाहील. त्यानं पाहिलं नाही. तो काचेच्या कपाटाकडे पाहत होता. मग म्हणाला, "हाव सर."

"सवलतीत शिकतोस आणि दुसऱ्याच्या पोराला नादी लावतोस? वडिलांना घेऊन ये. त्यांना घेऊन आलास तरच वर्गात बसायचं."

वर्गात साठ मुलं होती. अप्पा येऊ शकत नाहीत हे त्यांत दोघांनाच माहीत होतं. एक मन्मथ, आणि दुसरा मी. मी बाकाच्या कडेवरची खिळ्यानं कोरलेली अक्षरं वाचत राहिलो.

दुपारी खोलीवर गेलो तेव्हा तो गादी गुंडाळत होता. पत्रा तापून तडतड वाजत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला.

"राहू दे. तुझे नाना समोर बसलते. मी असतो तर काय लिहिलो असतो, मलाबी ठाव न्हाई."

"तू खरं का नाही सांगितलंस?"

"मग तुला उभं केले असते. दोघं बी उभं राहून काय फायदा?" तो सुतळीची गाठ मारत होता. "एक काम कर. ती वही तेवढी सरांकडून मागून ठेव. मी कवातरी येऊन घेऊन जाईन."

"ठेवतो," मी म्हणालो.

त्याची पेटी मी स्टँडपर्यंत उचलू लागलो, त्यानं उचलू दिली. रागानं हिसकावून घेतली असती तर मला सोपं गेलं असतं.

ती वही पुढे दीड महिना कपाटात होती. काचेतून तिचं तपकिरी पुठ्ठ्याचं अंग दिसायचं. मी रोज दोनदा तिच्यापासून चार हातांवरून जायचो. सर तसे वाईट नव्हते. मागितली असती तर कदाचित एखादा टोमणा मारून दिलीही असती. पण वही मागायची म्हणजे तो विषय पुन्हा काढायचा, आणि विषय निघाला की खरं सांगायची वेळ येणार. परीक्षा झाली, निकाल लागला, क्लासच्या जाहिरातीत माझा फोटो आला. पेढे घेऊन मी सरांकडे गेलो तेव्हा कपाट पुढच्या वर्षासाठी रिकामं करून धुऊन ठेवलं होतं.

मन्मथ प्रवेश परीक्षेला बसला, असं नंतर कळलं. गावातच, कोणी शिकवणारं नसताना अभ्यास करून. डॉक्टरकीला गुण कमी पडले. ते सहा आठवडे तो वर्गात असता तर पडले नसते का, हे मला कधीच कळणार नाही. पडलेच असते असं वाटावं म्हणून मी पुष्कळ धडपड केली आहे.

यंदाच्या एप्रिलमध्ये मी तो खेळ पुन्हा घेतला. त्याचीच पुढची आवृत्ती. चाळिशी ओलांडलेला, तंत्रनिकेतनात शिकवणारा माणूस दुपारी पडदे ओढून घसरत्या गाड्या चालवतो, हे मी कोणाला सांगत नाही. आता त्यातला चिखल खरोखर चिखल दिसतो. काचेवर शिंतोडे उडतात, ऊन डोळ्यांत जातं, धुरळा खाली बसायला वेळ घेतो. शेजारची वळणं सांगणारी बाई कधी चुकत नाही. भिंती अजून हलत नाहीत. गावं अजून रिकामी आहेत. आणि गाडी उलटली की एक बटण दाबायचं. गाडी पुन्हा रस्त्यावर, चारी चाकांवर, काही झालंच नव्हतं अशी. बदल्यात काही सेकंदांचा दंड होतो. लोक याला सोय म्हणतात. मी ते बटण जितक्या वेळा दाबलं तितक्या वेळा मला बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली.

मुक्ता पलीकडच्या खोलीत अभ्यास करत असते म्हणून मी आवाज बंद ठेवतो. एका दुपारी ती पाणी प्यायला आली आणि मागे उभी राहून पाहू लागली.

"बाबा, तुम्ही सारखे पडताय. आवाज लावा ना, हेडफोन आहे माझा. ती सांगते वळणं."

"नको. ऐकवत नाही मला."

"मग कोण सांगणार?"

मी खेळ थांबवला आणि तिला सगळं सांगितलं. तिच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "त्यांना माहीत आहे का, तुम्हाला इतकं वाईट वाटतं ते?"

"नाही."

"मग वाईट वाटून उपयोग काय?" ती म्हणाली आणि ग्लास विसळून अभ्यासाला गेली. तिला तिरकस बोलायचं नव्हतं. तिनं सरळ विचारलं होतं.

पत्ता शोधायला दहा मिनिटं लागली. इतकी वर्षं जो माणूस हरवला आहे असं मी धरून चाललो होतो, तो किल्लारीत मुख्य रस्त्यावर मेडिकल दुकान चालवत होता.

मी गेलो तेव्हा दुपार होती. लातूरहून औशामार्गे गेलो, वाटेत कारखान्याची चिमणी दिसली. दुकानात एक म्हातारी बाई उभी होती. ती त्याला 'डॉक्टर' म्हणत होती. तो गोळ्यांच्या पाकिटावर पेननं खुणा करून तिला समजावत होता, ही जेवणाच्या आधी, ही नंतर, ही फक्त चक्कर आली तर. ती गेल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बोला."

"मन्मथ, मी सुधीर. नांदेडचा."

त्यानं खुणा करायचं पेन खिशाला लावलं. केस पांढरे झाले होते, कपाळावरचं भस्म घामानं पुसट झालं होतं.

"सुध्या," तो म्हणाला. "पोट सुटलं की बे तुझं."

त्यानं मला आत स्टुलावर बसवलं. मागच्या दारातून वहिनी पाणी घेऊन आल्या. "हे माझे लातूरचे पार्टनर," त्यानं सांगितलं, आणि त्यांनी ज्या तऱ्हेनं डोक्यावरचा पदर सावरून "या, बसा" म्हटलं, त्यावरून कळलं की त्यानं त्यांना माझं काही वाईट सांगितलेलं नव्हतं. ते मला फार जड गेलं.

मी बोलायला सुरुवात केली. नाना कसे समोर बसले होते ते सांगितलं. मी सतरा वर्षांचा होतो ते सांगितलं. सरांच्या नमुन्यात तो शेवटचा प्रश्न कसा होता तेही सांगितलं. तो औषधांचे खोके फळीवर लावत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "खुलाशाचं मला म्हाइत हाय. सर वाचून दाखवले की. त्याचं काय मी धरून बसलो न्हाई." आणखी एक खोका वर ठेवला. "वही मागून ठेव म्हनलतो."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"अप्पा चार वर्षांखाली गेले," तो म्हणाला. "शेवटी शेवटी त्येंच्या मनात जुनंच गाव फिरायचं. मला विचारायचे, हौद आधी लागतो का मारुती. मला सांगता येईना. लातूरला बरोबर लिहिलतो मी. आत्ता एक म्हनतो, उद्या दुसरंच वाटतं. आमच्या गल्लीतलं दुसरं कोन उरलंय सांगायला? तुला म्हाइत व्हतं त्या पानावर काय हाय ते. मागितलास का तू?"

"नाही."

"एकदा बी?"

"एकदाही नाही."

त्यानं मान हलवली. दारात गिऱ्हाईक आलं होतं, त्याला हातानंच जरा थांबायला सांगितलं. मग खाली बसला, माझ्यासमोर, दुसऱ्या स्टुलावर.

"नाना, सर, कागद, हे समदं ऐकलो मी," तो म्हणाला. "तुला काय म्हनायचंय ते म्हन आता."

मी उभा राहिलो. का ते सांगता येणार नाही, बसून बोलता येईना. दारातला माणूस आमच्याकडे पाहत होता. त्याच्यादेखत मी म्हणालो, "मन्मथ, त्या खेळाला मी तुला नेलं होतं, तू मला नाही. मी कागदावर उलटं लिहिलं. अप्पा येऊ शकत नाहीत हे मला माहीत होतं आणि मी वर्गात गप्प बसलो. तुझी वही दीड महिना माझ्या डोळ्यांसमोर होती. मी भ्यालो म्हणून मागितली नाही. अप्पांना सांगायला तुझ्याजवळ काही उरलं नाही, ते माझ्यामुळे. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाचीच नाही. मला माफ कर."